दात कशाने घासतेस?

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचं यंत्र मयुरीच्या पोटावरून एकदा फिरवलं, परत फिरवलं, आणि मग बोलायच्याच थांबल्या. सातवा महिना. बोलकी डॉक्टर अशी गप्प झाली की आईच्या मनात काय काय येऊन जातं, ते ज्या बाईनं सोसलंय तिलाच ठाऊक.

"बाळ लहान आहे," बाई म्हणाल्या. "जेवते का नीट? तंबाखू, गुटखा वगैरे काही?"

"छ्या!" मयुरीच्या आधी तिची सासू बेबाबाई बोलली. "आमच्या घरात तंबाखूले कोनी शिवत नाही मॅडम. माह्या हितेंद्रले सुपारीचीबी सवय नाही."

मयुरीनंही मान डोलावली. दोघींपैकी एकीलाही आपण खोटं बोलतोय असं वाटलं नाही.

रक्त किती कमी आहे ते बघायला बाईंनी तिची पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली आणि नजर हिरडीवर थांबली.

"दात कशाने घासतेस?"

"मिसरीनं."

"म्हणजे तंबाखूनंच की."

मयुरीला हसूच आलं. तंबाखू म्हणजे गडीमाणसांनी चुना लावून मळायची ती. मिसरी म्हणजे दात घासायची. बेबाबाई तव्यावर पानं काळी होईस्तोवर भाजायची आणि खलबत्त्यात कुटायची. ती पानं तंबाखूची, हे काय मयुरीला माहीत नव्हतं? पण गूळ उसाचा असतो म्हणून गुळाला कुणी ऊस म्हणत नाही, तसं ते.

"हिरडीतून रक्तात जाते, रक्तातून बाळाकडे," बाई म्हणाल्या. "बाळाला मिळायचं ते कमी मिळतं. म्हणून वाढत नाहीये. अशी बाळं कधीकधी पोटातच..." त्यांनी गोळ्या लिहायचा कागद ओढला. "आजपासून बंद. अंडी, डाळ, पालेभाजी, लोहाच्या गोळ्या. आणि बाळाचं हलणं कमी वाटलं तर थेट इथं यायचं. उद्या बघू म्हणायचं नाही."

ते अर्धं सोडलेलं वाक्य मयुरी नशिराबादला, घरापर्यंत सोबत घेऊन आली.

मिसरी काय आजची होती? शाळेत असताना दाढ ठणकली तेव्हा शिंदखेड्याला माहेरी मम्मीनंच बोटावर दिली होती. लग्न होऊन इथं आली, नवं घर, नवी माणसं, रडू आवरेना, तेव्हा मागच्या दारी बेबाबाईनं तिच्या तळहातावर चिमूट ठेवली, "घे, जीव हलका व्हतो," म्हणाली. त्या दिवसापासून सासूसुनेची सकाळ तिथंच उजाडायची. तोंडात बोट घालून दोघी बसायच्या, गावभराच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. मयुरीला दिवस गेले, उलट्या सुरू झाल्या, तेव्हा तर सासूनं औषध म्हणून दिली.

आता मयुरी सकाळी पेस्ट घेऊन नळावर जायची. डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, भांडी आपटली जायची. मागच्या दारी बेबाबाई एकटी बसलेली असायची.

"डॉक्टरले काय व्हतं सांगाले," ती एकदा तिकडूनच म्हणाली. "म्या तीन लेकरं काढली मिसरी लावूनच. हाये ना तिघं धडधाकट?"

मयुरी नळावर चूळ भरत राहिली. शेजारच्या शेवंताबाईनं तिला कधीच सांगून ठेवलं होतं की तीन नव्हे, चार. पहिली मुलगी ओंजळीत मावेल एवढी झाली आणि बारशाआधीच गेली. बेबाबाई तिला मोजायची नाही. मिसरी वाईट म्हटली, तर आधी त्या पोरीचा हिशोब द्यावा लागेल आणि तो कुठल्या आईला देववेल? मयुरीला सासूची कीव यायची आणि भीतीही वाटायची. आपणही उद्या असंच मोजू का, एक सोडून?

एवढं सगळं कळत असून एका दुपारी तिनं हार खाल्ली. हितेंद्र केळीची गाडी भरायला गेला होता, बेबाबाईचा डोळा लागला होता. एवढीशीच, नखावर मावेल एवढीच, असं म्हणत तिनं मागच्या दारी हिरडीला बोट लावलं. डोकं गोड गरगरलं. किती दिवसांनी मोकळं वाटलं.

मग ती जेवली. जेवण झालं की बाळ ढुशा द्यायचं, हा रोजचा नेम. आज दिली नाही. झोपलं असेल, ती स्वतःशी म्हणाली. डाव्या कुशीवर निजली. गार पाणी प्यायली, गुळाचा खडा खाल्ला, पोटावर टिचकी मारली. "ए," ती हळूच म्हणाली, "ए राजा, ए राणी, जे असशील ते. चुकलं माझं. एकदा पाय मार ना." पोट नुसतं जड होतं, भिजलेल्या पोत्यासारखं.

तिनं सासूला हलवून उठवलं.

"आई, मी लावली. आणि ते हलत नाहीये."

शिव्या येतील असं तिला वाटलं होतं. पण बेबाबाईचा चेहरा राखेसारखा झाला. पदर खोचून ती अनवाणीच रस्त्यावर पळाली आणि रिक्षा घेऊन आली. हायवेभर ती सुनेच्या पोटावर हात दाबून बसली होती. "हळू चाल रे भाऊ," म्हणायची आणि दुसऱ्याच दमात, "काय बैलगाडी हाकून राहिला का?"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "मिसरी लावली हिनं. घरात मी भाजते, सवय म्याच वाढवली. मले बोला काय बोलायचं ते, पन आधी लेकरू पाहा."

यंत्र पोटावर फिरत राहिलं. नुसती खरखर. मयुरीनं छताकडे बघत ओठ चावले. खरखर. मग एकदम, पळत्या घोड्याच्या टापांसारखे ठोके.

बेबाबाईनं यंत्रालाच हात जोडले.

"आत्ता ठोके बरे आहेत," बाई म्हणाल्या. "पण बाळ लहानच आहे आणि मला काळजी आहे. आजची रात्र इथंच थांबा, लक्ष ठेवावं लागेल."

त्या निघाल्या तशी बेबाबाईनं त्यांना हाक मारली. "मॅडम, एक इचारू? पहिलं लेकरू जर असंच बारीक झालं आन् गेलं... तर ते याच्यानंच का?"

"आता नाही सांगता येणार, आजी."

बेबाबाईनं मान डोलावली. उत्तर आपलं आपल्याला मिळाल्यासारखी.

संध्याकाळी मयुरीच्या मम्मीचा, कोकिळाबाईचा, शिंदखेड्याहून फोन आला. रविवारी लेकीला न्यायला येते म्हणत होती. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात विचारायचं काय! बेबाबाईनं फोन हातात घेतला.

"इहीनबाई, तुमच्या घरी मिसरी लावता ना?"

"मिसरी कोना घर नही?" कोकिळाबाई तिच्या अहिराणीत म्हणाली आणि हसली. "मी लावस, मन्ही जाऊ लावस. का बरं, तुम्हले धाडू का?"

"मंग पोरगी नाही पाठवत."

पलीकडचं हसू विरलं. "येडी व्हयनी का इहीन? मिसरीमुये मन्ही पोर अडकाडी ठेवतस? बठ्ठ गाव तोंडमा शेण घाली मन्हा!"

"घालू द्या. माह्याबी तोंडात घालतीन. लेकराची वाढ थांबली हाये तिच्यानं. तुम्ही या, ऱ्हा, तिच्याजवळ निजा. पन मिसरी सोडून या. आमच्या घरात आजपासून नाही."

फोन ठेवल्यावर तिनं दोन्ही हात मांडीखाली घेतले. बोट सारखं तोंडाकडे जात होतं. सकाळनंतर तिनंही लावली नव्हती.

"बोलून तं बसली," ती पुटपुटली. "माह्याच्यानं व्हईन का गं? जल्म गेला त्याच्यात."

मयुरीच्याही हिरड्या आत्ता, इथं, याही घटकेला शिवशिवत होत्या, आणि आपली आपल्यालाच भीती वाटत होती.

तेवढ्यात पोटात काहीतरी सरकलं. ढुशी नव्हे, बोटानं पाणी ढवळावं तेवढंच. तिनं सासूचा हात ओढून तिथं ठेवला. दोघी श्वास धरून बसल्या. अजून एकदा हल ना. अजून एकदाच.