दुमडलेला कोपरा

माणसांकडे मायेनं कसं बघावं, हे तरुणांना शिकवायला अनुभवी माणूस लागतो. रुग्णालयाच्या कार्डखिडकीत असा एक माणूस होता. त्यांना सगळे मास्तर म्हणत. एकतीस वर्षांत त्यांनी कुणालाही काहीही शिकवलं नव्हतं.

त्यांच्या शेजारी नवी बसायची. तिला नोकरीला लागून सात महिने झाले होते, पण तिच्यानंतर कुणी आलं नाही, म्हणून ती नवीच राहिली. खिडकीची रीत तिला पहिल्याच दिवशी कळली. जो भांडेल, त्याच्या कार्डाचा कोपरा दुमडायचा. लिहायचं काही नाही. लिहिलं की चौकशी होते. पुढच्या खेपेला ते कार्ड गठ्ठ्याच्या तळाशी. मास्तर मात्र सुटायच्या आधी दिवसभराचे कोपरे नखानं सरळ करत बसायचे. तरी रेघ राहायचीच, आणि सरावलेल्या डोळ्यांना रेघ पुरते. ‘देवमाणूस आहे,’ असं नवीनं घरी आईला सांगितलं होतं.

त्या गुरुवारी नऊ वाजता एका बाईनं कार्डाचा नंबर सांगितला. नवीनं कार्ड काढलं. कोपऱ्यावर रेघ होती. तीन आठवड्यांपूर्वी ही बाई नवऱ्याला घेऊन आली होती आणि त्याचं नाव सांगताना अशी ओरडली होती, की बाकावरचं तान्हं मूल दचकून उठलं. “हळू बोला,” म्हटल्यावर “हळूच बोलतेय!” असंही तितक्याच जोरात ओरडली होती.

कार्ड तळाशी गेलं. बाई मांडीवर पिशवी घेऊन बाकाच्या टोकाला बसली.

अकराला मास्तर म्हणाले, “काय गं, ती कधीची बसलीय.”

“बसू दे. कोपरेवाली आहे.”

“कानाचे डॉक्टर एकला उठतात.”

“मग ओरडेल की. येतं तिला.”

मास्तरांनी चष्मा पुसला आणि ते आपली कार्डं लावू लागले.

बाई ओरडली नाही. बाराला खिडकीशी येऊन काहीतरी पुटपुटली.

“जरा मोठ्यानं बोला, काकू.”

“नंबर लागेल का आज?”

“बसा. बोलावते.”

बोलावलं तेव्हा एकला पाच कमी होते आणि डॉक्टर त्या दिवशी आधीच खोलीतून उठले होते. बाई खिडकीशी परत आली. तिनं पिशवीतून एक डबी काढून खिडकीत ठेवली. “ह्यांच्या कानातलं मशीन. इथूनच वापरायला दिलेलं. वाट बघणाऱ्यांची यादी आहे म्हणे तुमच्याकडे.”

“आणि काका?”

“गेले. दोन आठवडे झाले.” बाई डबीकडे बघत राहिली. “वीस वर्षं घरात ओरडूनच बोलायचं. बाहेरही तोच आवाज निघायचा. त्या दिवशी तुम्हाला त्रास झाला, पोरी. आता आवाज काढायचं कामच पडत नाही.”

मशीन परत घ्यायला डॉक्टरांची सही लागते. मास्तरांनी तेवढं सांगितलं.

“येईन मग पुढच्या गुरुवारी,” बाई म्हणाली. “दोन बस बदलाव्या लागतात एवढंच.”

नवी मशीन परतीचा फॉर्म घेऊन जिना उतरत पळाली. डॉक्टर गाडीत बसत होते.

“उद्या नाही का चालणार?”

“नाही चालणार, सर.”

गाडीच्या टपावर फॉर्म ठेवून त्यांनी सही केली. बाईला एकची बस मिळाली नाही, दीडची मिळाली.

संध्याकाळी नवीनं ते कार्ड घेतलं आणि कोपरा नखानं घासला. पुन्हा पुन्हा घासला.

“मास्तर, तुम्ही हे रोज का करता, ते आज कळलं मला.”

“का करतो?”

“माणसावर कायमचा शिक्का बसू नये म्हणून.”

मास्तरांनी तिच्याकडे नीट बघितलं. एकतीस वर्षांत त्यांच्याशी असं कुणी बोललं नसावं.

“अगं, कोपरे दुमडले की गठ्ठा फुगतो. खण लागत नाही.”

त्यांनी खण ढकलला. तो लागला. नवीच्या हातातलं कार्ड बाहेरच राहिलं होतं. गेलेल्यांची कार्डं मागच्या खोलीत पोत्यात टाकतात, आणि पोत्याला कोपऱ्यांची अडचण होत नाही.