रिकाम्या ओळी

धडे निवडायची वेळ आली तेव्हा अनिताने आपल्याला सोपे पडतील तेवढेच ठेवले. मुरबाडच्या कॉलेजात संशोधन करणाऱ्या मुलांना दोन दिवसांत प्रोग्रामिंग शिकवायचं होतं आणि त्यांतल्या निम्म्यांनी एक्सेलपुढे पाऊल टाकलेलं नव्हतं. आलेखांचा धडा ठेवला, कारण पडद्यावर रंगीत रेघा उमटल्या की मुलं खूश होतात आणि शिकवणाऱ्याचीही वाहवा होते. माहितीत जागा रिकाम्या राहिल्या तर काय करायचं, हा धडा मात्र तिने काढून टाकला.

"ठेव गं तो, रुक्ष असला तरी," सोबत शिकवणारा सुनिल म्हणाला होता.

"जेवणानंतर सगळे पेंगतील," म्हणत तिने त्याला गप्प केलं. त्या धड्याऐवजी मुलांच्या हाती एक तयार आज्ञा दिली. ती चालवली की रिकामी जागा असलेली ओळच उडायची आणि प्रोग्राम कुठे अडत नसे. आपण किती हुशारीने वेळ वाचवला, याचं तिला कौतुकच वाटलं होतं.

मे महिन्यात हरेश तिच्याकडे आला. हा डोंगराकडच्या गावांतल्या विहिरींच्या पाण्यावर संशोधन करायचा. वर्गात सगळ्यांत आधी आलेख काढून दाखवणारा हाच.

"मॅडम, आमच्या गावाचा टँकर नामंजूर झाला," तो म्हणाला. "तहसीलच्या हापिसात सांगतात, तूच दिलेल्या अहवालात लिवलंय, तिकडं पाणी हाय."

अनिताने त्याचा आलेख उघडला. देखणा होता. मग तिने गावांची नावं वाचली.

"यात तुझं गाव कुठंय?"

"असंल की. आमची आईच दर आठवड्याला विहीर मोजायची." त्याने खालीवर शोधलं. गाव नव्हतं. वरच्या दोन पाड्यांचाही पत्ता नव्हता.

"विहीर आटल्यावर काय लिहायची ती?"

"काय लिवणार? पाणीच नाय तर मोजायचं काय? रिकामं सोडायची."

अनिताने त्याचा मूळ तक्ता उघडला. त्यात एका गावाची एक ओळ आणि एका आठवड्याचा एक रकाना होता. एक आठवडा जरी रिकामा राहिला, तरी तिच्या आज्ञेने सबंध गाव पुसलं होतं. जिथे विहिरी आटल्या, नेमकी तीच गावं गेली होती. उरली ती पाणीवाली.

"माझंच चुकलं," हरेश मान खाली घालून म्हणाला. "तुमी शिकवलं ते मला नीट समजलं नसंल."

क्षणभर तिला वाटलं, राहू दे त्याचा तसा समज. मग त्या वाटण्याचीच तिला लाज वाटली.

"तुला नीट समजलं होतं, हरेश. मी शिकवलं तसंच तू केलंस."

दोघांनी बसून अहवाल दुरुस्त केला आणि हापिसात नेऊन दिला. साहेबांनी तो ठेवून घेतला. विचार पुढच्या बैठकीत होईल म्हणाले. बाहेर पडतात तोच हरेशच्या आईचा, जनाबाईचा फोन आला.

"टँकर अजून आठ दिस तरी नाय, आये. माझ्याकडून चूक झाली."

अनिताने त्याच्या हातून फोन घेतला. "मावशी, चूक त्याची नाही, माझी आहे. रिकामी जागा असलेली ओळ उडवायला मीच त्याला शिकवलं."

 जनाबाई ओढ्यातल्या झऱ्यावर बसली असावी. वाटीवाटीने हंड्यात पाणी पडल्याचा आवाज येत राहिला.

"तू मास्तरीण ना गो?"

"हो."

"मंग रिकामं म्हंजे आमी कोरडं पडलो, ते बी शिकवायचं व्हतं ना, बाय."