अर्ध्या पानाची अनुबियास

सलूनमध्ये शिरलात की समोरच्या आरशात आधी तुम्ही दिसता आणि तुमच्या पाठीमागे मी. काचेच्या टाकीत, ओंडक्यावर ठाण मांडून बसलेली, जाड गडद पानांची, पाण्याखाली वाढणारी अनुबियास. मित्रांनो, इथल्या खुर्च्यांपेक्षा माझं वय जास्त आहे. खुर्च्या बदलल्या, आरसे बदलले, मी जागची हललेली नाही. माझ्या बोलण्यात थोडा तोरा वाटेल, पण तो मी कमावलेला आहे.

माझा जन्म माशांच्या दुकानात झाला. आमचं खोड आल्याच्या तुकड्यासारखं आडवं वाढतं. वरून पानं, खालून मुळं. त्याचा तुकडा वेगळा केला की तो आपला संसार थाटतो. दुकानात मला मागच्या अंधाऱ्या फळीवर ठेवलं होतं. पुढे झगझगीत दिव्याखाली लाल, गुलाबी पानांची झाडं मिरवत असायची आणि गिऱ्हाइकं त्यांच्यावरच फिदा व्हायची. मी मनात म्हणायचे, मिरवा बायांनो, परक्या घरी गेल्यावर कळेल.

ती लाल झाडं नेणाऱ्यांत काका पहिले. काका म्हणजे या सलूनचे मालक. सलूनला खिडकी एकच, तिच्यासमोर शेजारच्या इमारतीची भिंत, आणि टाकीवर जेमतेम उजेड देणारा एक दिवा. लाल झाडांना भरपूर उजेड लागतो. इथे आली की ती फिकी पडायची, देठातून गळायची. त्यात काकांचा हात कात्रीवर बसलेला. कापलं की जोमानं वाढतं, हा त्यांचा धंद्यातला आयुष्यभराचा अनुभव. झाड मलूल दिसलं की ते त्याला छाटायचे आणि झाड दोन दिवस आधीच राम म्हणायचं.

टाकीत एकच मासा होता. त्याच्या तोंडावर मिशांसारखे कोंब होते, म्हणून सलूनमधल्या गिऱ्हाइकांनी त्याचं नाव ठेवलं मिशाळ. जात मुळात लाजरी, त्यात लपायला एक पान नाही. बिचारा दिवसभर फिल्टरच्या मागे चिकटून बसायचा, पोटभर खायचाही नाही. हे सगळं मला नंतर ऐकून कळलं. सलूनमध्ये काहीच लपून राहत नाही.

शेवटी काकूंनी निक्षून सांगितलं, "आता आणाल ते शेवटचं झाड. ते मेलं तर टाकी शेजारच्या शिंपीभावजींना द्या. मला तिथं टॉवेलांचं कपाट हवंय."

"आणि मिशाळ?"

"तोही जाईल टाकीबरोबर. इथं तरी कुठं सुखात आहे तो?"

मग दोघं मिळून दुकानात आले. दुकानदारीण नवीन होती. तिनं विचारलं, "तुमच्याकडे उजेड किती येतो?" हा प्रश्न काकांना आजवर कुणी विचारलाच नव्हता.

"गिऱ्हाइकाचा कान दिसतो, एवढा येतो," काका म्हणाले.

ती हसली आणि तिनं थेट मागच्या फळीवरून मला उचललं. "ही न्या. कमी उजेडातही मजेत राहते. फक्त हिचं खोड वाळूत पुरू नका, कुजेल. लाकडाला बांधा." काकांनी मान डोलावली. पण त्यांचे डोळे तिच्या कपाळावरच्या वाकड्या कापलेल्या बटांवर होते. ऐकलं ते काकूंनी, अगदी शब्द न् शब्द.

सलूनमध्ये आणल्यावर काकांनी मला कौतुकानं वाळूत खोल पुरलं, वरून थोपटलं. मग कात्री काढली आणि माझं सर्वांत मोठं पान मधोमध कापलं. "बघ, आता कशी तरारते," असं काकूंना म्हणाले. मित्रांनो, माझं कापलेलं पान पुन्हा कधीच वाढत नाही. केस आणि मी, यांत एवढा फरक आहे. अपमान मी गिळला असता, पण वाळूखाली खोड कुजायला लागलं आणि मी घाबरले. काकू रोज माझ्याकडे बघायच्या आणि गप्प राहायच्या.

माझी पानं पिवळी पडली आणि टाकी न्यायचा दिवस ठरला. त्या सकाळी काकांचं कामात लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावून नुसते उभे होते. काकूंनी मला उपटायला पाण्यात हात घातला, आणि तो तसाच थांबला.

"अहो, जरा इकडे या. मिशाळ बाहेर आलाय."

तो माझ्या अर्ध्या पानाखाली बसला होता. भर दिवसा, निवांत. काका धावत आले आणि दोघं टाकीपुढे उभे राहिले.

काकू हळूच म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. खोड पुरू नका, असं ती पोरगी म्हणाली होती. मला कपाट हवं होतं, म्हणून मी बोलले नाही."

"मी तर ऐकलंच नाही," काका म्हणाले. "तिच्या बटा फार वाकड्या होत्या गं."

काकूंना हसू आवरेना. मागून गिऱ्हाईक म्हणालं, "माझी उरलेली दाढी आज होणार का?" त्याला तसंच बसवून काकांनी मला बाहेर काढलं, नवं पातं घेतलं आणि कुजलेला भाग कापून टाकला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुठे कापायचं हे काकूंना विचारून कापलं. काकूंनी ॲप्रन शिवायचा काळा दोरा आणून मला ओंडक्याला बांधलं. शिंपीभावजी टाकी न्यायला आले आणि केस कापून घेऊन परत गेले.

पुढे माझ्या मुळांनी ओंडका असा पकडला, की दोरा विरून गेला तरी मला कळलं नाही. मी सावकाश वाढते. नवीन पान यायला आठवडे लागतात, पण आलेलं पान टिकतं. एकदा तर मला पाण्यातच पांढरं फूल आलं, तेव्हा काका येईल त्या गिऱ्हाइकाची मान धरून टाकीकडे वळवत होते. माझे तुकडे आता कितीतरी ठिकाणी गेलेत, जिन्याखाली, कचेरीत, आजारी माणसाच्या खोलीत. तुकडा देताना काका आधी विचारतात, "उजेड किती येतो?" मग काकू खोडाची गोष्ट सांगतात आणि समोरच्याकडून ती परत वदवून घेतात.

तुम्हीही झाड आणायला जाल तेव्हा आधी आपली खोली बघा, मग दुकानातली पानं. तिथे राहू शकेल त्यालाच घरी न्या. आणि नेलंत की जरा धीर धरा, कारण आम्ही हळूहळूच रुजतो.

माझी त्या वेळची बाकीची पानं कधीच झडली. ते अर्धं पान मात्र मी धरून ठेवलंय. काकांना ते बघून अजून वाईट वाटतं आणि नव्या गिऱ्हाइकांना वाटतं, हे कुणीतरी कुरतडलंय. वाटू दे. मिशाळ आता म्हातारा झालाय, आणि एवढी भरलेली टाकी सोडून तो रोज त्याच पानाखाली येऊन झोपतो.