चौथा भाऊ

‘चार कोपरे घराचे, चार पाठीराखे भाऊ
एक रुसून गेला बाई, मग कुणापाशी जाऊ?’

साक्रीकडच्या कुणाच्या तरी जोत्यावर सुकदेवची आई हे म्हणायची. जमीन ठोकायची धुमस उचलताना पहिली ओळ, आपटताना दुसरी. आई जाऊन वीस वर्षं झाली. सुकदेव गवंडी झाला, बायकोला घेऊन सिल्वासात आला. मसाटच्या कारखान्यांच्या भिंती बांधून त्याचे हात निबर झाले आणि शेठलोकांची बोलणी ऐकून मन त्याहून निबर.

पण रमाकांतसाहेबांइतकी कीव त्याला कुणाचीच आली नव्हती. मूळचे रत्नागिरीचे, इथं सरकारी कचेरीत कारकून. अथालला घर बांधायला काढलं ते किल्लारीच्या भूकंपानंतर दोन महिन्यांनी. भूकंपात न पडणाऱ्या घराच्या चित्राचं पेपरातलं कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत घालून अंगाऱ्यासारखं खिशात बाळगायचे.

“हे बघ सुकदेव, चारी कोपऱ्यांत पायापासून वरपर्यंत अखंड सळई. छपराच्या कैच्या तिलाच बांधायच्या. भूकंप येवो, वादळ येवो, घर एकजीव राहिलं पाहिजे. तुम्हा लोकांना सांगितल्याशिवाय कळत नाही.”

“हो साहेब,” सुकदेव म्हणाला. साहेबांची पाठ वळताच बायकोकडे, लीलाकडे बघून हसला. “कागद वाचून भिंत बांधतोय. याला ओळंब्याची दोरी दिली तर गळ्यात घालेल.”

पायाभरणीच्या दिवशी ईशान्येच्या खड्ड्यात कलश ठेवला आणि साहेबांचा चेहराच बदलला. “या कोपऱ्यात लोखंड नको. खाली देव आहे.”

आता कागद कुठं गेला? सुकदेवच्या जिभेवर आलं होतं, की कलश राहू द्या, सळई वीतभर सरकवतो. पण तो गिळून बसला. ज्याला सगळं कळतं त्याला आपण काय शिकवायचं? तीनच सळया उभ्या केल्या.

भिंती छपराला आल्या तेव्हा साहेब मान वर करून सळया मोजायला आले. कलशाचं बोलणं पार विसरले होते. “एक, दोन, तीन... चौथी?”

“आत आहे साहेब. उद्या दिसेल.”

दुसऱ्या दिवशी खरंच दिसली. हातभर तुकडा, वरच्या दोन थरांत खोचलेला. साहेबांनी कात्रणाशी ताडून पाहिलं, मान डोलावली. त्या संध्याकाळी सुकदेव खोलीवर पोट धरून हसला. लीला हसली नाही.

“त्या घरात साहेबांच्या बाई, सुमनताई राहणारेत,” ती म्हणाली. “त्यांनी काय केलं तुमचं?”

“तू चूप बस. त्याला वर दिसलं म्हणजे झालं.”

पत्रे चढवायच्या आदल्या दिवशी लीला ईशान्येच्या खोलीत जमीन धुमसत होती. धुमस खाली येई तसा तिचा आवाज घुमे. सासूकडून शिकलेली तीच ओवी. वर परांचीवर सुकदेवचा हात थांबला. इतकी घरं बांधली, पण दुसऱ्या ओळीचा शेवट इतका जड पडलेला त्यानं कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात साहेब सुमनताईंना घेऊन आत आले. “हे बघ, भूकंप होवो की वादळ, बाहेर धावायचं नाही. सगळ्यांनी या कोपऱ्यात येऊन बसायचं. खाली कलश, भिंतीत लोखंड. याहून पक्का कोपरा सिल्वासात नसेल. काय रे सुकदेव?”

वर्षभर साठवलेलं हसू सुकदेवला येईना. मूर्ख माणूस, त्यानं मनात म्हटलं. पण तो शब्द खाली साहेबांपर्यंत गेलाच नाही, वरच आपल्यापाशी राहिला.

त्यानं त्या कोपऱ्यातला सळईचा तुकडा मुठीत धरला, हलवला, ओढला. विटांचा भुगा सुमनताईंच्या पदरावर पडला. सळई अलगद हातात आली. लीलाची धुमस जमिनीवर टेकली.

“हे काय?” साहेब ओरडले. “चोर! तुमची जातच...”

“चोरी नाही साहेब.” सुकदेव परांचीवरून उतरला आणि तुकडा त्यांच्या पायांपाशी ठेवला. “या कोपऱ्यात खालपासून काही नाही. पडला तर आधी हाच पडेल. तुम्ही लोखंड नको म्हणालात तेव्हा वीतभर सरकवली असती तरी कलशाला धक्का लागला नसता. मला तेव्हाच माहीत होतं. मला तुमच्यावर हसायचं होतं, म्हणून मी बोललो नाही.”