खालचा अर्धा आकडा

तुळशीला पाणी घालून, जप आटोपूनच जमना पेपर हातात घ्यायची, तोही सुडोकूपुरता. शेजारची मंदा सोबतीला असे. बोंबील वाळत घालता घालता दोघी रिकामी घरं भरत. मंदाला घाई फार. जमना हळूच म्हणे, "मंदाबाय, आदी कोण नाय ते बग. कोण हाय ते आपसूक उरतं."

वादळानंतर घिवली गावच्या सगळ्या होड्या परतल्या, दोन सोडून. एक जमनाच्या नवऱ्याची, नीलेशची, दुसरी मंदाच्या नवऱ्याची, कमलाकांतची. दोघांनी होड्या एकदमच नोंदवल्या होत्या, एकाच डब्यातला निळा रंग दिला होता. नंबरही एकाच सुतारानं लाकडात कोरून त्यात पांढरा रंग भरलेला. फरक काय तो शेवटच्या आकड्याचा. नीलेशचा आठ, कमलाकांतचा तीन.

सोमवारी भरतीनं एक निळी फळी किनाऱ्याला आणून टाकली. वरून चिरफाळलेली. इंग्रजी आकड्यांचा खालचा अर्धा भाग तेवढा उरला होता. म्हाताऱ्या नामदेव तांडेलानं डोळे बारीक करून पाहिलं. शेवटचा गोल बघून आठच दिसतो म्हणाला, डावीकडचा रंग पाण्यानं खाल्ला असेल. बायकांनी गळा काढला. मंदानं जमनाला छातीशी धरलं आणि मी हाय ना, मी हाय ना, म्हणत तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

जमनाला रडू फुटेना. मंदाच्या खांद्यावरून ती फळीकडेच बघत होती. आठाचा गोल डावीकडे मिटलेला हवा. हा उघडा होता. रंग पाणी खाईल, पण कोरलेली खाच कशी खाईल?

ती वाकली. त्या जागेवरून बोट फिरवलं. लाकूड गुळगुळीत होतं.

नीलेश वाचू दे, इतके दिवस देवापाशी तिनं हेच मागितलं होतं. आता मात्र हात जोडवेनात. वाटलं, गप्प राहावं, मंदाची आजची रात्र तरी जाईल. पण उद्या दुसरं कोणीतरी येऊन सांगणार, तेही परकं. तिनं मंदाचं बोट धरून तिथं टेकवलं.

"मंदाबाय, इथं खाच नाय."

मंदाचं बोट थबकलं. डावीकडून उजवीकडे गेलं, पुन्हा मागे आलं. ती म्हणाली, "मंग नीलेशभाऊ येल गो. येल तो."

बाकीच्या बायका अजून जमनासाठीच रडत होत्या. जमनानं मंदाला आपल्याकडे ओढून घेतलं.