चौथ्या नाटकातलं गाणं

केशव हेरेकर बेळगावच्या कोर्टात वकिली करी, पण त्याचा जीव सगळा पेटीत. निपाणीच्या कॉलेजात मराठी शिकवणारा कृष्णात कांबळे हा त्याचा विद्यार्थीदशेपासूनचा दोस्त. कृष्णातनं लिहायचं आणि केशवनं चाली लावायच्या, असं दोघांचं कधीतरी ठरून गेलं होतं. जुनी संगीत नाटकं उगाळायची नाहीत. गोष्ट आपली हवी आणि गाणं त्या गोष्टीतूनच निघायला हवं, एवढा एकच हट्ट.

पहिलं नाटक खानापूरच्या जंगलात वाट चुकलेल्या लग्नाच्या वऱ्हाडाचं. त्यात धनगरी ढोल घुमला. दुसरं सांबऱ्याच्या विमानतळावर जमलेल्या प्रेमाचं, त्यात सॅक्सोफोन वाजला. तिसऱ्यात मराठी सासू आणि कानडी सून बँडच्या तालावर आपापल्या भाषेत भांडल्या, आणि दोन्ही भाषांतले प्रेक्षक हसून हसून खुर्चीतून खाली आले.

चौथं नाटक कृष्णातनं मनातून लिहिलं. तंबाखूच्या वखारीत काम करून मुलाला शिकवणाऱ्या बाईची गोष्ट. जलशाच्या ढंगाची गाणी, ढोलकी, तुणतुणं आणि मागं कोरस. शेवटी शिकून मोठा झालेला मुलगा परत येतो आणि आईसाठी एक गाणं म्हणतो. ते वाचून दाखवल्यावर कृष्णात म्हणाला,

"केशव, हे एवढं गाणं मी म्हणतो."

"तू? मुलाचं काम तुलाच करायचंय?"

"शेवटचाच प्रवेश हाय रं. जमंल मला."

केशवनं हो म्हटलं. तालमी सुरू झाल्या. कृष्णातचा आवाज जाडाभरडा, वरच्या पट्टीत जाताना फाटायचा. केशवच्या कानाला ते सोसेना. पट्टी उतरवून पाहिली तर कोरस पडायचा. प्रयोग दोन दिवसांवर आला तेव्हा त्यानं चिन्मयला बोलावून घेतलं. शास्त्रीय शिकलेला तयार गळ्याचा मुलगा, त्यानं एका दुपारीत गाणं बसवलं.

कृष्णात तालमीला आला तेव्हा चिन्मय त्याच्या जागी उभा होता.

"राग मानू नकोस," केशव म्हणाला. "शेवट पडला तर सगळं नाटक पडेल."

कृष्णातनं गाणं पुरतं ऐकून घेतलं. "व्हय. चांगला गातोय पोरगा." मग संहिता उचलून विंगेत प्रॉम्प्टिंगला जाऊन बसला.

निपाणीतला प्रयोग तुफान झाला. शेवटच्या गाण्याला लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पडदा पडल्यावर केशवनं कृष्णातला मिठी मारली. कृष्णात हसला, "जिंकलास," म्हणाला आणि घाईनं घरी निघून गेला.

त्यानंतर पाचवं नाटक निघालंच नाही. केशव फोन करी, विषय सुचवी. "बघू की," कृष्णात म्हणे. बोलणं गोड, येणंजाणंही होतं, पण कागदावर काही उतरेना. पुढच्या वर्षी त्याची आई अंजनाबाई वारली. केशव अंत्ययात्रेला गेला, पण त्या गर्दीत निवांत बोलणं झालं नाही.

यंदा बेळगावच्या एका नाट्यसंस्थेनं चौथं नाटक पुन्हा मागितलं. ती बातमी घेऊन केशव निपाणीला गेला. कृष्णातच्या मुलीनं, उपासनानं चहा आणून ठेवला.

"या वेळी शेवटचं गाणं तू म्हण," केशव म्हणाला. "पट्टी उतरवतो. कोरसचं बघतो मी काय ते."

कृष्णातच्या आधी उपासनाच बोलली.

"काका, त्या दिवशी आज्जी पहिल्या रांगेत होती. बाबांनी तिला सांगून ठेवलंतं, शेवटचं गाणं मी तुझ्यासाठी म्हणणार हाय म्हणून. ती शेजारपाजारच्या बायकांनापण घेऊन आलती."

केशव कप खाली ठेवून कृष्णातकडं वळला.

"मग तू मला बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? गळा न्हाय म्हणत हुतास. ते खरंच हुतं." कृष्णात सावकाश म्हणाला. "घरी गेलो तर आई विचारती, तू कवा येणार हुतास रं? म्हटलं, माझ्यापरीस चांगला मिळाला. ती म्हणाली, मला कुठं चांगला पायजे हुता?"

केशवला तिथं बसवेना. तरीही त्यानं चाचरत विचारलं, "आता म्हणशील? एकदा?"

"कुणाला ऐकवू?" कृष्णात उठला आणि त्यानं दोस्ताच्या खांद्यावर हात ठेवला. "नाटक करा की. चिन्मयलाच घ्या. माझी काय हरकत न्हाय."

त्या बोलण्यात राग नव्हता. थोडा तरी राग असता तर केशवला बरं वाटलं असतं.

बेळगावला परतताना त्याला ती मिठी आठवत राहिली. त्याआधी टाळ्या पडत होत्या तेव्हा पहिल्या रांगेतल्या बायका उठल्या नव्हत्या. थकल्या असतील, असं समजून त्यानं तिकडं पुन्हा बघितलंच नव्हतं. एवढी वर्षं साक्षीदारांना उलटसुलट विचारण्यात गेली, आणि "तुलाच का म्हणायचंय?" हे दोस्ताला विचारायचं राहून गेलं.

संस्थेला त्यानं सासू-सुनेचं नाटक दिलं. चौथ्याबद्दल विचारलं तेव्हा नाही म्हणाला, कारण सांगितलं नाही. रविवारी पेटी काढून बसतो. चाली अजून सुचतात, चांगल्याही असतात. वाजवून झाल्या की तो फोन हातात घेतो, कृष्णातचं नाव काढतो आणि बराच वेळ नुसता बसून राहतो.