लिहून घेणार

नंदूने करारनामा वाचून दाखवला आणि माझ्या हातात दिला, तेव्हाच मला संशय आला. एका दमात वाचला त्याने. मध्ये कुठे पान उलटल्याचा आवाज झाला नाही. हाताला मात्र दोन कागद लागले, टाचणीने जोडलेले.

पस्तीस वर्षं मी कोर्टाच्या आवारात बसून लोकांचे दस्त लिहिले. काचबिंदूने दोन्ही डोळे नेले त्याला सव्वा वर्ष झालं. पण डोळ्यांबरोबर अक्कलही गेली असं माझ्या सख्ख्या पुतण्याला का वाटावं, हे मला कळत नाही.

"जोतीरामची सही झालीय, काका," नंदू म्हणाला. "उद्या संध्याकाळी ऑफिसातून येतो, मग तुमची घेऊ."

जोतीराम म्हणजे माझ्या सोबतीला नंदूनेच आणून बसवलेला माणूस. वैरागकडचा, चाळिशीचा. गिरणीत बदली कामगार होता, ते काम सुटलं. आठ दिवस झाले, मला आंघोळीचं पाणी काढून देतो, ताट वाढतो आणि दुपारी चारला हाताला धरून कोर्टाच्या आवारात नेतो. तिथे जुने लोक भेटतात, कोण कुणावर फिर्याद करतंय ते कळतं. सव्वा वर्ष भिंतींशी बोलून काढल्यावर तो तास-दीड तास म्हणजे माझा जीव आहे. नंदूला ते पसंत नाही. मागे एकटाच निघालो आणि सायकलचा धक्का लागला, तेव्हापासून "काका, घरीच बसा" एवढंच त्याचं चाललेलं असतं.

आणि जोतीरामवर तरी माझा कुठे विश्वास होता? माणूस बोलायला कमी. नंदू आला की दोघं ओट्यावर हळू आवाजात कुजबुजतात. आवाज उतरवला की आंधळ्याला ऐकू येत नाही, असा डोळसांचा समज असतो. नंदूचा माणूस तो, नंदूचंच ऐकणार, असं मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी कागद त्याच्यापुढे टाकला.

"चौथी शिकलायस ना? वाच."

तो वाचायला लागला, तो थेट स्टँपच्या नंबरापासून. स्टँप विकणाऱ्याचं नावसुद्धा सोडलं नाही. अक्षराला अक्षर लावत पहिलं पान संपवायला त्याला पाव तास लागला. ते नंदूने वाचलं होतं तसंच निघालं. मग पान उलटलं.

"सदर इसमास लिहून घेणार यांचे परवानगीवाचून घराचे हद्दीबाहेर नेऊ नये. अन्नपाणी वेळेवर करावे. दुखणे झाल्यास लिहून घेणार यांस तात्काळ खबर द्यावी. सदर इसमाने तक्रार केल्यास लिहून घेणार ठरवतील ते कायम समजावे."

"लिहून घेणार कोण?" मी विचारलं.

"नंदूसायब."

"लिहून देणार?"

"मी."

"आणि मी कुठे आहे?"

जोतीराम घुटमळला. "तुमी सदर इसम हाय."

"मग माझी सही कशाला हवी?"

कागद खसखसला. "खाली हाय की. साक्षीदार नंबर दोन."

मजकूर ओळखीचा का वाटतोय ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तो माझाच होता. म्हैस अर्धेलीने, म्हणजे अर्ध्या वाट्यावर, सांभाळायला देताना मी लिहीत असे, तो मसुदा. माझ्या जुन्या कागदांच्या बासनातून नंदूने उचलला होता. चारापाण्याचं अन्नपाणी केलं, म्हशीच्या जागी सदर इसम घातला, झाला करारनामा. आधी मला हसू आलं. मग राग आला, कारण माझ्या सांभाळाच्या कागदात मला शब्दच नव्हता. जोतीरामचा पगार माझ्या बाजारातल्या गाळ्याच्या भाड्यातून जाणार आणि दुपारी चारला बाहेर पडायचं का नाही ते नंदू ठरवणार.

"तू हे न वाचताच सही ठोकलीस?"

"सायबांनी वाचून दावलं की. पैलंच पान."

"आणि आत्ता? दुसरं गाळलं असतंस तर मला काय कळणार होतं?"

"तुमी वाच म्हनला, म्हून वाचलं."

हे उत्तर मला फारच सरळ वाटलं. इतकं सरळ माझ्यापुढे कोर्टात कुणी बोललं नव्हतं. तरी मी त्याला कोरा ताव काढायला लावला आणि सांगत गेलो. लिहून घेणार महिपती, म्हणजे मी, लिहून देणार जोतीराम. मी म्हणेन तिथे न्यावं. माझ्या घरातलं बोलणं नंदूसकट कुणाला सांगू नये. कुणाची काही तक्रार असली तर आधी एकमेकांना तोंडावर सांगावी.

"माजंबी एक घाला की," जोतीराम म्हणाला. "रागाच्या भरात चल नीघ म्हनायचं न्हाय. काढायचं तर पंदरा दिस आदी सांगायचं."

आठ दिवसांत मी त्याला दोनदा तसं म्हटलं होतं. मला लाज वाटली. "घाल," मी म्हणालो.

माझं सांगून संपलं. पेन मात्र चालूच होतं.

"काय लिहितोयस?"

"आनि एक कलम. मालकाला दिसत न्हाय. मागतील तवा, मागतील तितक्यांदा ह्यो कागद वाचून दावायचा."

एवढ्याशा मजकुराला पेन फार वेळ चाललं, असं मला वाटलं. त्याचा हात जड होता हेही खरं. पण मला पक्कं कसं कळणार? दस्ताच्या शेवटी मी स्वतः लिहीत असे, मजकूर वाचून दाखविला, समजला, कबूल. गिऱ्हाइकांची गर्दी असली की वाचायच्या आधीच ते लिहून मोकळा व्हायचो आणि पुष्कळदा वाचायचं राहूनच जायचं. अडाणी माणसं क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत आणि अंगठा उठवत. ती काय बघतात, हे मी मान वर करून कधी पाहिलं नाही. आता पाहणार तरी कसं?

दारात चपला वाजल्या. नंदू लवकर आला होता.

"माझं बोट सहीच्या जागेवर ठेव," मी जोतीरामला म्हणालो. त्याने ठेवलं. ती जागा तीच आहे का, हेही मला माहीत नव्हतं. भीती वाटत होती. मी सही केली.

"काका, कशावर सही करताय?" नंदू घाईघाईने आत आला. "द्या इकडे, मला वाचू दे."

"जोतीराम वाचेल," मी म्हणालो. "तू बसून ऐक."